वडिलांच्या हातातला स्मार्टफोन काढून घ्यावा का?

गोदाकन्या

माझे वडील ७४ वर्षांचे असून नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. आई गेल्यापासून ते जेल रोडच्या घरी एकटेच राहतात. मी पाथर्डी फाट्याला असते, त्यामुळे शहर एकच असले तरी रोजचे जाणे होत नाही. मागच्या आठवड्यात मंगळवारी त्यांना व्हॉट्सॲपवर एक फोन आला. बोलणाऱ्याने त्यांचे नाव, पेन्शनची बँक आणि निवृत्तीचे वर्ष अचूक सांगितले, हयातीचा दाखला याच आठवड्यात भरला नाही तर पेन्शन थांबेल असे बजावले आणि एक फाइल पाठवून ती उघडायला लावली. वडिलांनी त्यात आधार क्रमांक भरला, 'पडताळणीसाठी' डेबिट कार्डाचा तपशीलही भरला, आणि त्याच रात्री दोन व्यवहारांत खात्यातून ३८,५०० रुपये गेले.

पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण मला त्याहून अधिक लागले ते पुढचे. ही गोष्ट त्यांनी चार दिवस कोणालाही सांगितली नाही. शनिवारी मी त्यांचे पासबुक यंत्रावर भरून आणले तेव्हा मला समजले. "मला का नाही सांगितलेत?" असे विचारले तर म्हणाले, "तू ओरडली असतीस." मी खरोखरच ओरडले असते, हे मला नाकारता येत नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच दिवशी तक्रार नोंदवली आहे. पुण्याचा भाऊ म्हणतो की त्यांच्या हातातला स्मार्टफोन काढून घे आणि बटणांचा साधा फोन दे. ज्या माणसाने नोकरीची सगळी वर्षे नोटांच्या कारखान्यात काढली आणि जो आजही भाजीवाल्याने दिलेली नोट अंगठ्याने चाचपल्याशिवाय खिशात टाकत नाही, त्याला असे सांगण्याचा मला धीर होत नाही. आपल्यापैकी कोणी अशा प्रसंगातून गेले असल्यास काय केले ते कृपया लिहावे.

सातपूरकर

भाऊ योग्य तेच सांगतो आहे. घरात लहान मूल असले की आपण गॅसचे बटण बंद ठेवतो, त्यात मुलाचा अपमान होत नाही. पेन्शन हीच ज्यांची आयुष्यभराची मिळकत आहे त्यांच्या बाबतीत भावनेपेक्षा व्यवहार पाहावा.

निवृत्त रोखपाल

गोदाकन्याताई, फोन ठेवायचा की काढायचा हा प्रश्न आठवडाभर थांबू शकतो. बँकेतले काम थांबू शकत नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

१९३० वर केलेली तक्रार आवश्यक आहे. त्यामुळे पैसा ज्या ज्या खात्यांत फिरला असेल तेथे तो रोखून धरण्याचा प्रयत्न लगेच सुरू होतो. मात्र तेवढ्यावर थांबू नका. आपल्या शाखेत लेखी तक्रार द्या, तिची पोच शिक्का आणि तारखेसह घ्या आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरचा तक्रार क्रमांक त्या अर्जात लिहा.

आता चार दिवसांचे महत्त्व. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, बँक आणि ग्राहक या दोघांचीही चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत कळवल्यास साध्या बचत खात्यासाठी दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार येतो. हे दिवस मोजताना बँकेची सूचना मिळाल्याचा दिवस धरत नाहीत आणि शाखेच्या सुट्ट्याही वगळतात. आपण शनिवारी तक्रार केली, असे लिहिले आहे. तो शनिवार महिन्यातला दुसरा किंवा चौथा असेल तर बँकेला सुट्टी होती, म्हणजे बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार एवढेच दिवस धरले जातील आणि तुम्ही मुदतीत बसाल. कॅलेंडर काढून पाहा.

यातला अडसर असा की ग्राहकाने स्वतः कार्डाचा तपशील दिला, हा त्याचा निष्काळजीपणा आहे, असे बँक म्हणेल. तसे ठरले तर कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. परंतु ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे, असे त्याच परिपत्रकात म्हटले आहे, आणि हे वाक्य काउंटरवर सहसा कोणी आपणहून सांगत नाही. मी ३४ वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला होतो, म्हणून सांगतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

तिखट मिसळ

मध्यंतरी कोणालाही फोन लावला की आधी सायबर गुन्ह्यांपासून सावध राहण्याचा संदेश अमिताभ बच्चन यांच्या आवाजात ऐकावा लागत असे. आमच्या काकांना वाटायचे की बच्चनसाहेब त्यांनाच ओळखून बोलत आहेत, आणि ते दर वेळी "हो, हो, लक्षात आहे," असे उत्तर देऊनच पुढे बोलत. नवल म्हणजे त्यांना आजवर कोणी फसवू शकलेले नाही.

शरणपूरची लेक

माझ्या आईवर आलेला प्रसंग सविस्तर लिहिते, कारण त्यात कोणत्याही फाइलचा संबंध नव्हता.

आई ६९ वर्षांची आहे. तिला एके सकाळी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर गणवेशातला माणूस, त्याच्या मागे भिंतीवर बोधचिन्ह आणि समोर टेबलावर फाइलींचा ढीग. तिच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डाचा गुन्ह्यात वापर झाला असून तिला 'डिजिटल अटक' झाली आहे, असे त्याने सांगितले. कॅमेरा बंद करायचा नाही, दार उघडायचे नाही, मुलांना सांगितले तर मुलांनाही अटक होईल. आई दीड दिवस त्या फोनसमोर बसून होती. देवापुढे दिवा लावायलाही तिने त्या माणसाची परवानगी मागितली होती, हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी तिला मुदत ठेव मोडायला बँकेत पाठवण्यात आले. फोन पर्समध्ये चालू ठेवायचा आणि कोणी विचारले तर नातवाच्या शिक्षणासाठी पैसे हवेत असे सांगायचे, हेही पढवलेले होते. काउंटरवरच्या मुलीने विचारले, तेव्हा आईने तसेच सांगितले. ती मुलगी म्हणाली, "काकू, नातू तर चौथीत आहे ना? मागच्या महिन्यात तुम्हीच फोटो दाखवलात." आई गप्प झाली. त्या मुलीने आणखी काही न विचारता तिची पर्स उचलून दुसऱ्या खोलीत ठेवली, दार लावले आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. मग आई रडली.

आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये तेच सांगितले होते आणि आईने तो कार्यक्रम ऐकलाही होता. तेव्हा माहिती नव्हती म्हणून माणूस फसतो, हे मला आता पुरते पटत नाही. आईला माहिती होती. त्या दीड दिवसात तिच्याशी बोलणारे दुसरे कोणी नव्हते.

सातपूरकर

ताई, प्रसंग वाचून वाईट वाटले, परंतु यावरून माझेच म्हणणे सिद्ध होते. साधा फोन असता तर व्हिडिओ कॉल आलाच नसता.

द्राक्षबाग

सातपूरकर, माझ्या वडिलांकडे दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावी आजही बटणांचाच फोन आहे. 'तुमचे एटीएम कार्ड बंद होणार आहे' असा फोन त्यावरच आला. वडिलांनी चष्मा लावून कार्डावरचे १६ आकडे वाचून दाखवले, मागचे तीन वाचून दाखवले आणि मग मेसेजमध्ये आलेला ओटीपीसुद्धा एकेक आकडा सावकाश सांगितला. समोरच्याला घाई होती, तर वडील त्याला म्हणाले, "थांबा साहेब, नीट लिहून घ्या." बाग तोडल्यावर आलेल्या पैशातले २२,००० रुपये त्यात गेले. बटणांच्या फोनने काय अडले?

आमच्याकडे सध्या शेतकरी योजनेच्या नावाच्या फाइली गावच्या ग्रुपवर फिरतात, आणि फसलेल्या माणसाचाच फोन त्याच्या नकळत त्या पुढे पाठवतो. त्यामुळे फाइल सरपंचाच्या नाहीतर मेहुण्याच्या नंबरवरून येते. अनोळखी क्रमांकावर विश्वास ठेवू नका, हा सल्ला तेथे लंगडा पडतो.

कळफलक

मी मोबाइल सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो. द्राक्षबाग यांनी सांगितलेला फाइलींचा आणि गोदाकन्या यांच्या वडिलांसोबत घडलेला प्रकार एकाच जातीचा आहे, म्हणून तो आतून कसा चालतो ते सांगतो.

अशा फाइलीच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. तो कागद नसून प्ले स्टोअरला वळसा घालून फोनमध्ये बसणारे ॲप असते. बसताना ते मेसेज वाचण्याची परवानगी मागते आणि आपण 'अनुमती द्या' दाबत जातो. त्यानंतर बँकेचा ओटीपी आपल्याला दिसण्याआधीच परस्पर पुढे पाठवला जातो. म्हणूनच "मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही," असे सांगणारी माणसे खरे बोलत असतात आणि तरीही त्यांचे पैसे गेलेले असतात.

असे झाल्याचे लक्षात येताच फोन फ्लाइट मोडवर टाकावा, म्हणजे त्याचा बाहेरच्यांशी संपर्क तुटतो. १९३० आणि बँक यांना दुसऱ्याच फोनवरून कळवावे. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या फोनवरून, नाहीतर नवा पासवर्डही चोराला आयता मिळतो. आलेल्या मेसेजचे, क्रमांकाचे आणि फाइलीच्या नावाचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवावेत आणि मगच फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करावा. पुष्कळ जण घाबरून आधी फोन पुसतात आणि तक्रारीला जोडायला हातात काही उरत नाही. गोदाकन्या, वडिलांचा फोन अजून तसाच वापरात असेल तर हे आजच करा. कॉल फॉरवर्डिंग चालू करून ठेवलेले नाही ना, हेही सेटिंगमध्ये पाहा. सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावाने किती सिमकार्डे चालू आहेत तेही दिसते.

प्रतिबंध म्हणून एकच सेटिंग सांगायचे झाले तर 'अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करणे' ही परवानगी व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्स या तिन्हींसाठी बंद असल्याची खात्री करावी. या कामाला दोन मिनिटे लागतात.

तिखट मिसळ

सातपूरकरांच्या न्यायाने पाहिल्यास माझ्या आयटीतल्या भाच्याचाही फोन काढून घ्यायला हवा. वय ३१, पगार विचारू नका, आणि शेअर बाजारात दुप्पट करून देणाऱ्या ग्रुपमध्ये सहा लाख घालून बसला आहे. त्याच्या आजीचे एक पैचेही नुकसान झालेले नाही, कारण ती प्रत्येक फोनवर "माझा मुलगा आला की बोला," एवढेच म्हणते. मुलगा अमेरिकेत आहे.

पंचवटीचे आजोबा

हा सगळा धागा वाचला. माझे वय ७६ आहे आणि मी सिडकोतल्या शाळेत ३२ वर्षे गणित शिकवले आहे. येथे आमच्याविषयी, आम्ही खोलीत नाही असे समजून, चाललेली चर्चा वाचताना गंमतही वाटली आणि थोडा रागही आला. गॅसच्या बटणाचा दाखला देणाऱ्या सातपूरकरांना माझा प्रश्न असा की आपले वय काय आणि आपण कोणत्या वर्षी लहान मूल होणार आहात, हे ठरवले आहे का?

माझ्या अनुभवाने सांगतो. मुले आम्हाला फोन शिकवतात म्हणजे काय करतात? आम्ही एखादी अडचण सांगितली की "द्या इकडे" म्हणतात, फोन हातातून घेतात, अंगठा चार वेळा सरकवतात आणि "झाले, बघा" म्हणून परत देतात. फळ्यावरचे गणित मास्तरांनीच सोडवले तर ते मास्तरांनाच येते, हे मी शाळेत पहिल्या वर्षी शिकलो. पुढच्या वेळी तीच अडचण आली की "मागच्या वेळी सांगितले होते ना," हे वाक्य ठरलेले. असे दोन-तीनदा ऐकले की माणूस विचारायचे सोडून देतो. त्याच सुमारास एखादा गोड आवाजाचा तरुण फोनवरून "काका, घाबरू नका, मी सांगतो तसे करा, माझ्याकडे भरपूर वेळ आहे," असे म्हणतो. घरच्यांनी इतक्या सावकाश कधी सांगितलेले नसते.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आम्ही दर बुधवारी संध्याकाळी फोन घेऊन बसतो. माझा बारा वर्षांचा नातू शिकवायला येतो. तेथे नियम एकच आहे. शिकवणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि फक्त तोंडाने सांगायचे. पहिल्या दिवशी त्याचे हात इतके शिवशिवत होते की त्याने खिडकीचे गज धरून ठेवले. एका माणसाला एक गोष्ट यायला पाऊण तास लागतो, पण ती येते. आम्ही ती वहीत बाणांसह काढून घेतो. पुढे कंपनी ॲप अद्ययावत करते, बटण जागा बदलते आणि वही निरुपयोगी होते. याची तक्रार कोणत्या क्रमांकावर करावी हे कळफलक यांनी सांगितल्यास आभारी राहीन.

कळफलक

आजोबा, त्या बटणाची जागा बदलणाऱ्या लोकांत मीही आहे. क्षमा असावी.

निवृत्त रोखपाल

आजोबांचे म्हणणे पूर्ण मान्य करून व्यवहाराची बाजू मांडतो. पेन्शनचे खाते आणि रोजच्या खर्चाचे खाते वेगळे करावे. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडू नये, त्याच्या डेबिट कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवावेत, आणि दरमहा ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप जाण्याची सूचना बँकेला द्यावी. कार्डाचे असे व्यवहार चालू-बंद करण्याची सोय प्रत्येक बँकेला द्यावीच लागते. दूध, भाजी, औषधे यांचे पैसे दुसऱ्या खात्यातून फोनने भरावेत. चोरी झालीच तर त्या महिन्याच्या खर्चापुरती होईल.

२०२४ मध्ये 'यूपीआय सर्कल' ही सोय आली आहे. तिच्यात मुलगी आपल्या खात्यातून वडिलांना खर्च करू देऊ शकते. पूर्ण अधिकार दिला तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपयांची मर्यादा आहे. अंशतः अधिकार दिला तर वडिलांच्या प्रत्येक खर्चाला मुलीने आपल्या फोनवर मंजुरी द्यायची.

पंचवटीचे आजोबा

रोखपालसाहेब, दोन खात्यांची कल्पना उत्तम आहे. अर्धा लिटर दुधासाठी लेकीची मंजुरी मागायची ही कल्पना मात्र आपण आपल्या घरी आधी राबवून पाहावी.

मावशीची भाची

एक अप्रिय बाजूही नोंदवते. माझ्या मावशीला कोणा परक्याने फसवले नाही. 'मावशी, तुम्हाला जमणार नाही' म्हणून घरातल्याच एकाने तिचे ॲप आपल्या फोनवर घेतले, पिन स्वतः ठरवला आणि दीड वर्ष थोडे थोडे पैसे काढले. तिला मेसेज यायचे, पण ते इंग्रजीत असल्याने तिने कधी उघडले नाहीत. १९३० वर कोणाचे नाव सांगायचे? वयस्क माणसाचे पासवर्ड मुलांकडे असावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो देताना प्रत्येक घर सारखे नसते याचे भान असावे. व्यवहाराचे मेसेज आणखी कोणालातरी दिसावेत इथपर्यंत ठीक आहे, पण पिन ज्याचा त्याच्याकडेच राहावा. बँकेच्या मेसेजची भाषा मराठी करता येते का, हेही आपल्या शाखेत विचारावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिच्यावर घरातल्या अशा प्रकारांबद्दलही बोलता येते.

द्राक्षबाग

रोजच्या खर्चावरून आठवले. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन फक्त देताना लागतो, हे एक वाक्य वडिलांना पाठ करून दिले आहे. जुने फर्निचर विकत घेतो म्हणून सांगणारे लोक पूर्वी उलटी मागणी पाठवून पिन टाकायला लावत. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवर अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद झाली आहे, पण आता त्याच कामासाठी क्यूआर कोड पाठवतात. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

शरणपूरची लेक

सिंहस्थ जवळ येतो आहे, म्हणजे नाशिककरांकडे पाहुण्यांची रीघ लागणार आणि त्यांच्यासाठी खोल्या शोधण्याचे काम घरोघरच्या आजी-आजोबांकडे येणार. निवासाच्या खोट्या जाहिराती आणि आगाऊ रक्कम मागणारे क्रमांक यांकडे आतापासूनच लक्ष असू द्यावे.

गोदाकन्या

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण सांगितलेली कामे एकेक करत होते.

कळफलक, फोन तसाच वापरात होता. त्याच संध्याकाळी फोटो काढून तो पुसून घेतला. रोखपालकाका, तो शनिवार दुसरा निघाला. अर्जात परिपत्रकाची तारीख लिहिल्यावर काउंटरवरचा आवाज बदलला, एवढेच सध्या सांगते. १९३० च्या तक्रारीमुळे ११,००० रुपये एका खात्यात अडवले गेल्याचा मेसेज आला आहे. ते परत कधी मिळतील हे अजून कळलेले नाही. हयातीचा दाखला वडिलांनी पोस्टमनला घरी बोलावून, समोर बसून दिला.

फोन काढून घेतलेला नाही. रविवारी मी आजोबांचा नियम पाळला आणि हात पाठीमागे बांधून बसले. व्हॉट्सॲपची दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायला त्यांना चाळीस मिनिटे लागली, आणि त्यात सहा मिनिटे तर ते योग्य पानावर असूनही 'हेच आहे का' म्हणून थांबले होते. मी जीभ चावून बसले होते. सहा आकडी पिन कोणता ठेवला ते त्यांनी मला सांगितले नाही.

नंतर चहा घेताना त्यांनी पाकिटातून पाचशेची नोट काढली आणि खिडकीपाशी तिरकी धरली. सुरक्षा धागा हिरव्याचा निळा झालेला मला दाखवून म्हणाले, "एवढे एक खोटी नोट करणाऱ्याला नीट जमत नाही. त्या मेसेजमध्ये मी काय तिरके धरून पाहायला हवे होते, ते सांग." मला उत्तर देता आले नाही. येथे कोणाला देता येईल का?

कळफलक

प्रश्न फार चांगला आहे आणि प्रामाणिक उत्तर असे की मेसेजच्या आत पाहण्यासारखे फारसे काही नसते. नाव, बोधचिन्ह, भाषा, आवाज, चेहरा, यांतले सगळे हुबेहूब करता येते. काही खुणा आहेत. बँकांनी सेवा आणि व्यवहारांसंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत असा नियम आहे, आणि बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतात. दहा आकडी साध्या मोबाइलवरून किंवा व्हॉट्सॲपवरून कोणी 'बँकेतून बोलतोय' म्हणाला तर तेथेच फोन ठेवावा. पण खरी तपासणी मेसेजच्या बाहेर होते. फोन ठेवायचा, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक पाहायचा आणि आपण स्वतः लावायचा. नोट प्रेसच्या भाषेत सांगायचे तर नोट देणाऱ्याने दिलेल्या भिंगातून ती नोट तपासायची नाही.

सातपूरकर

भिंगाची उपमा आवडली. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर देणे बाकी होते, म्हणून लिहितो. माझे वय ५८ आहे. परवा 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल' असा मेसेज मलाच आला आणि मी त्यातला क्रमांक निम्मा दाबलाही होता. बायको म्हणाली, "बिल आपोआप भरले जाते ना?" बुधवारच्या वर्गाला वयाची अट आहे का?

पंचवटीचे आजोबा

अट नाही. वही आणि चष्मा घेऊन या. हात पाठीमागे बांधायला नातू शिकवेल.

गोदाकन्या

कळफलक यांचे उत्तर वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी वापरले. बँकेतून १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून फोन आला, तर त्यांनी "तुमचा आवाज खरा वाटतो, पण मी येऊन पाहतो," म्हणून तो ठेवला आणि रिक्षा करून थेट शाखेत गेले. फोन खराच होता. नव्या कार्डाचा पत्ता विचारण्यासाठी केलेला होता. मात्र जाण्यायेण्याचे रिक्षाचे १२० रुपये गेले, आणि त्याबद्दल ते संध्याकाळपर्यंत कुरकुरत होते.